पन्नालाल पटेल : बडोद्यातील मराठी वाचकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पन्नालाल पटेल कोण होते आणि बडोद्याच्या मराठी माणसाने त्यांना का वाचावे?

पन्नालाल पटेल (१९१२–१९८९) हे गुजरातीतील सर्वांत महत्त्वाच्या प्रादेशिक कादंबरीकारांपैकी एक होत. 'मळेला जीव' (१९४१) आणि 'मानवीनी भवाई' (१९४७) या त्यांच्या दोन कादंबऱ्यांवर त्यांची कीर्ती मुख्यतः उभी आहे. १९८५ सालच्या ज्ञानपीठ पुरस्काराचे ते मानकरी ठरले. हा सन्मान मिळालेले ते दुसरे गुजराती साहित्यिक होत.

आपल्या घरांतून चार-पाच पिढ्या मराठी बोलली जाते आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताच गुजराती सुरू होते. भाजी, रिक्षा, बँक, शाळेतली पालकसभा हे सारे व्यवहार आपण गुजरातीत करतो, पण पुस्तक हाती घ्यायची वेळ आली की मराठी किंवा इंग्रजीकडेच वळतो. परिणामी, ज्या भाषेत आपण रोज भांडतो आणि हसतो त्या भाषेतली उत्तम कादंबरी आपल्यापैकी अनेकांनी उघडलेलीच नसते. ही उणीव भरून काढायला पन्नालाल हे सर्वांत योग्य लेखक आहेत, असे आमचे मत आहे. कारण त्यांची ताकद विद्वत्तेत नसून बोलल्या जाणाऱ्या गुजरातीत आहे, आणि ती गुजराती बडोद्याच्या मराठी कानाला परकी नाही.

त्यांचा जन्म आणि बालपण कोठे गेले?

त्यांचा जन्म ७ मे १९१२ रोजी मांडली या गावी झाला. हे गाव तेव्हा डुंगरपूर संस्थानात होते आणि आज ते राजस्थानात येते. म्हणजे गुजरातीचा हा मोठा कादंबरीकार आजच्या नकाशाप्रमाणे गुजरातबाहेर जन्मलेला आहे. घराणे शेतकऱ्याचे होते. वडील रामायणासारखे ग्रंथ आणि आख्याने गावकऱ्यांना वाचून दाखवीत आणि त्यामुळे त्यांना पंचक्रोशीत मान होता. ते लवकर वारले आणि घरावर ओढगस्त आली. एका साधूच्या आधाराने मुलाचे शिक्षण मेघरज आणि ईडर येथे काही काळ चालले, परंतु पैशाअभावी ते अर्ध्यावर सुटले. शालेय शिक्षण जेमतेम आठवीच्या पातळीपर्यंतचे राहिले.

पुढचा काळ मिळेल त्या कामाचा होता. डुंगरपूर भागात दारू गाळण्याच्या भट्टीवर व्यवस्थापक म्हणून त्यांनी काही दिवस काढले, अहमदाबादेत घरकाम केले आणि वीज कंपनीतही नोकरी केली. त्यांच्या चरित्रातील हा भाग हळहळ व्यक्त करून संपवण्याची प्रथा आहे. आम्हाला त्यात वेगळे काही दिसते. शेताचा बांध, भट्टी, परक्याचे स्वयंपाकघर आणि शहरातली यंत्रे हे सारे पाहिलेला माणूस जेव्हा गावाविषयी लिहितो, तेव्हा तो गावाकडे पर्यटकाच्या डोळ्यांनी पाहत नाही. ग्रामीण जीवनाची गोडगोड चित्रे काढण्याचा मोह त्यांना फारसा झाला नाही, याचे एक कारण तेथे सापडते.

उमाशंकर जोशी यांच्याशी त्यांचा संबंध काय?

ईडरच्या शाळेत पन्नालाल आणि उमाशंकर जोशी हे सोबती होते. शाळा सुटल्यावर वाटा फुटल्या. उमाशंकर उच्च शिक्षण घेऊन कवी म्हणून नावारूपाला आले, तर पन्नालाल पोटामागे फिरत राहिले. १९३६ मध्ये दोघांची अचानक गाठ पडली आणि उमाशंकरांनी आपल्या जुन्या मित्राला लिहिण्याचा आग्रह केला. त्याच वर्षी 'शेठनी शारदा' ही पहिली कथा लिहिली गेली. नंतर झवेरचंद मेघाणी यांच्यासारख्या लोकसाहित्याच्या मर्मज्ञानेही त्यांचे लेखन उचलून धरले.

उमाशंकर जोशी यांना १९६७ चे ज्ञानपीठ (कन्नड कवी कुवेंपू यांच्यासह विभागून) मिळाले आणि पन्नालालांना १९८५ चे. अरवलीच्या पायथ्याच्या एका लहान संस्थानी गावातल्या शाळेने दोन ज्ञानपीठविजेते दिले, ही गोष्ट गुजरातेतही पुरेशी सांगितली जात नाही.

त्यांच्या कादंबऱ्यांतला प्रदेश नेमका कोणता?

गुजरातच्या ईशान्येकडचा, राजस्थानला लागून असलेला डोंगराळ भाग. या पट्ट्याला 'ईशानियो मलक' असे म्हटले जाते. वात्रक, माझम आणि मेश्वो या नद्यांचा, अरवलीच्या उतरत्या टेकड्यांचा, पाटीदार, ठाकोर, भिल्ल आणि लहानलहान बलुतेदार जातींच्या वस्त्यांचा हा मुलूख आहे. बडोद्याहून निघाल्यास गोधरा, लुणावाडा, मोडासा अशी वाट धरून या भागात पोहोचता येते. शामळाजीच्या यात्रेला गेलेल्या कुटुंबांनी त्याची कड पाहिलेलीच असेल.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. पन्नालालांच्या कादंबरीत प्रदेश हा पडद्यावर रंगवलेला देखावा नाही. पाऊस वेळेवर आला की नाही, सोयरीक कोणी मोडली, जातीच्या पंचांनी काय ठरवले, जत्रा कोणत्या तिथीला भरते, या गोष्टींनीच तेथे माणसांची आयुष्ये वळतात. प्रदेश काढून घेतला तर कथानक उरतच नाही. निव्वळ बोलीभाषेतले चार शब्द पेरून प्रादेशिकतेचा शिक्का मिळवणाऱ्या लेखनापेक्षा हे वेगळे आहे, आणि म्हणूनच 'प्रादेशिक' हे विशेषण त्यांच्या बाबतीत मर्यादा सांगणारे न ठरता रीत सांगणारे ठरते.

सुरुवात कोणत्या पुस्तकापासून करावी?

'मळेला जीव'पासून. त्यांची पहिली कादंबरी 'वळामणां' (१९४०) ही आकाराने लहान आणि वाचनीय आहे, परंतु पन्नालाल म्हणजे काय हे पहिल्या वाचनात कळायचे असेल तर 'मळेला जीव'ला पर्याय नाही.

जन्माष्टमीच्या जत्रेत कानजी आणि जीवी यांची भेट होते. जत्रेतल्या मोठ्या पाळण्यात दोघे एकत्र बसतात आणि तेथून मन जडते. कानजी पटेल, जीवी वाळंदाची (म्हणजे नाभिकाची) लेक. लग्न होणे शक्य नाही. यापुढे जे घडते ते कादंबरीचे खरे मर्म आहे. जीवी निदान डोळ्यांसमोर तरी राहावी म्हणून कानजी स्वतःच पुढाकार घेऊन तिचे लग्न आपल्या गावातल्या धूळा नावाच्या वाळंदाशी लावून देण्यास तयार होतो. मित्र हीरो त्याला हा मार्ग सुचवतो आणि कानजीला त्यात त्याग दिसतो. त्या त्यागाची किंमत मात्र जीवीला मोजावी लागते. धूळाच्या मनात संशय शिरतो, मारहाण सुरू होते, आणि कानजी गाव सोडून शहरात जातो. असह्य होऊन जीवी स्वतःसाठी विष घातलेली भाकरी करते. ती चुकून धूळा खातो आणि मरतो. गाव जीवीलाच दोषी धरते. तिचे भान सुटते. अखेरीस कानजी परत येतो आणि भ्रमिष्ट झालेल्या जीवीला सोबत घेऊन जातो.

जातीमुळे विफल झालेल्या प्रेमाची कथा, एवढ्यावर बहुतेक परिचय थांबतात. आमच्या मते लेखकाची नजर त्याहून तीक्ष्ण आहे. कानजी हा भला माणूस आहे, आणि तरीही जीवीच्या आयुष्याचा निर्णय तिला न विचारता, उदात्त भावनेने, तोच घेतो. लेखक त्याला खलनायक करत नाही आणि सोडतही नाही. धूळासुद्धा निव्वळ दुष्ट नाही. आपल्या बायकोचे मन दुसरीकडे आहे हे जाणवलेला, गावात ज्याची टर उडवली जाते असा तो एक दुबळा माणूस आहे. १९४१ मध्ये, तिशीही न गाठलेल्या लेखकाने तीन पात्रांना एवढा न्याय द्यावा हे विलक्षण आहे.

'मानवीनी भवाई'ची कथा थोडक्यात सांगता येईल का?

सांगता येईल, पण ही कादंबरी थोडक्यात सांगण्याजोगी नाही, एवढे आधी नोंदवतो.

वाला पटेल यांना उतारवयात झालेला मुलगा काळू आणि त्याची बालपणी ठरलेली वधू राजू हे तिचे नायक-नायिका. वडील जातात, घरची बाजू दुबळी होते आणि मत्सराने पेटलेली चुलती माली ती सोयरीक मोडून टाकते. काळूचे लग्न भलीशी होते आणि राजूचे भलीच्या चुलत्याशी, द्याळजीशी. म्हणजे जिच्याशी लग्न व्हायचे ती नात्याने काळूची चुलतसासू होऊन बसते. हे नाते पन्नालालांनी फार कौशल्याने वापरले आहे: दोघांना भेटण्याची मुभा आहे, बोलण्याची मुभा आहे, थट्टेचीही थोडी मुभा आहे, आणि नेमक्या त्या मुभेमुळे मर्यादा कधी दृष्टिआड होत नाही.

कादंबरीचा पूर्वार्ध सोयरिकी, भाऊबंदकी, पेरण्या आणि सणवार यांत रमतो. त्यानंतर छप्पनियाचा दुष्काळ येतो आणि पुस्तकाचा सूरच पालटतो. गुरे मरतात, भुकेने वेडे झालेले लोक लूटमार करतात, नात्यांची सालपटे निघतात. भुकेची ती विटंबना पाहून भुकेएवढी वाईट गोष्ट जगात नाही, असे काळूला वाटते. नंतर धर्मादाय धान्यासाठी रांगेत उभे राहून हात पसरण्याची वेळ त्याच्यावरच येते, आणि ज्याने आयुष्यभर जमिनीतून धान्य काढून जगाला दिले त्या शेतकऱ्याला कळते की भीक ही भुकेहूनही वाईट आहे. गुजराती साहित्यात शेतकऱ्याच्या स्वाभिमानाविषयी इतके नेमके लिहिलेले दुसरे प्रकरण दाखवणे कठीण जाईल.

छप्पनियाचा दुष्काळ खरोखरच पडला होता का? बडोदे संस्थानावर त्याचा काय परिणाम झाला?

होय. विक्रम संवत १९५६, म्हणजे इ.स. १८९९–१९०० या वर्षी पडलेला हा दुष्काळ गुजरात आणि राजस्थानात 'छप्पनियो' या नावाने स्मरणात आहे. पन्नालालांचा जन्म त्यानंतर बारा वर्षांनी झाला, त्यामुळे त्यांनी तो वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकला. कादंबरीतले तपशील ऐकीव आहेत हे वाचताना जाणवत नाही.

बडोदे संस्थानाची लोकसंख्या १८९१ च्या जनगणनेत सुमारे २४ लाख होती. १९०१ मध्ये ती सुमारे साडेएकोणीस लाख भरली. त्या दशकात प्लेगही होता, तेव्हा ही सारी घट एकट्या दुष्काळाच्या माथी मारता येत नाही, परंतु तिचा मोठा वाटा दुष्काळाचाच आहे. भारतातील दुष्काळ आणि जमीनमहसूल यांविषयी १९०० मध्ये लॉर्ड कर्झन यांना उघड पत्रे लिहिणारे रमेशचंद्र दत्त यांना सयाजीराव महाराजांनी १९०४ मध्ये संस्थानाचे महसूलमंत्री म्हणून आणले. पुढे ते दिवाण झाले आणि १९०९ मध्ये बडोद्यातच निवर्तले. आपल्या शहराच्या इतिहासात दरबार आणि वाडे यांचे वर्णन विपुल आहे. त्याच काळातल्या रयतेची भूक समजून घ्यायला मात्र शेजारच्या मुलखातली ही कादंबरीच अधिक उपयोगी पडते.

कादंबरीच्या शेवटाविषयी नेहमी वाद का होतो?

शेवटी काळू आणि राजू भुकेने मरणाच्या दारात असतात आणि तहानेने तडफडणाऱ्या काळूला वाचवण्यासाठी राजू त्याला आपल्या छातीशी घेऊन दूध देते. त्यानंतर पाऊस येतो. काही वाचकांना हा प्रसंग अतिरंजित वाटतो, काहींना संकोचाचा, तर काहींना तो कादंबरीचा कळस वाटतो.

आमचे मत तिसऱ्या बाजूचे आहे, पण पूर्णपणे नाही. ज्या दोघांना समाजाने आधी प्रियकर-प्रेयसी होऊ दिले नाही आणि मग सासू-जावयाच्या नात्यात बांधले, त्यांच्यातले अखेरचे नाते शरीराचे असूनही वासनेचे नसावे, ही कल्पना धाडसी आहे आणि राजूच्या स्वभावाला शोभणारी आहे. पाऊस नेमका त्याच क्षणी यावा ही मात्र लेखकाने घेतलेली सवलत वाटते. चारशे पाने निसर्गाची बेफिकिरी दाखवल्यावर शेवटच्या पानांत त्याला दयाळू करणे थोडे खटकते.

या कादंबरीचे पुढचे भाग आहेत का?

'भांग्याना भेरू' (१९५७) आणि 'घम्मर वलोणुं' (१९६८) हे पुढचे भाग. काळू-राजूविषयी जिव्हाळा निर्माण झाला असेल तर वाचावेत. पहिल्या भागाची उंची त्यांना नाही.

मराठीतील प्रादेशिक कादंबरीशी त्यांची तुलना करता येते का?

काळाच्या दृष्टीने पाहिले तर पन्नालाल थोडे आधीचे आहेत. श्री. ना. पेंडसे यांची 'गारंबीचा बापू' १९५२ ची, व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' १९५५ ची आणि उद्धव शेळके यांची 'धग' १९६० ची.

'बनगरवाडी'शी तुलना सर्वांत फलदायी ठरते, कारण दोन्हींत दुष्काळ गाव उठवतो. माडगूळकरांचा निवेदक बाहेरून आलेला तरुण मास्तर आहे. तो पाहतो, जीव लावतो आणि शेवटी बदली होऊन निघून जातो. त्यामुळे त्या कादंबरीची भाषा मितभाषी आणि चित्रकाराच्या रेषेसारखी राहते. पन्नालालांकडे असा पाहुणा नाही. तेथे सारे आतलेच आहेत, निवेदनसुद्धा ओसरीवर बसून बोलल्यासारखे चालते, मध्येच मिश्कील होते, पाल्हाळही लावते. खोट काढायचीच झाली तर ती या पाल्हाळाची काढावी लागेल. 'धग'मधली कौतिक आणि 'मानवीनी भवाई'तली राजू या दोघींना मात्र शेजारीशेजारी ठेवून वाचावे. कोलमडणाऱ्या घराला खांद्यावर घेणारी बाई विदर्भात आणि ईशान्य गुजरातेत कशी वेगवेगळी बोलते, हे त्यातून उमगते.

गुजराती बोलता येते पण वाचता येत नाही, अशा वाचकाने काय करावे?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो आणि तो विचारणाऱ्यांत ज्येष्ठ मंडळी अधिक असतात. देवनागरी येणाऱ्याला गुजराती लिपी अवघड नाही. शिरोरेषा नाही ही सवयीची बाब आहे. अ, इ, क, ख, च, ज, झ, फ, ब, ल अशा मोजक्या अक्षरांची रूपे वेगळी आहेत, ती पाठ केली की उरलेली ओळखीची निघतात. दुकानांच्या पाट्या आणि बसवरची नावे वाचून आपल्यापैकी पुष्कळांचा अर्धा अभ्यास नकळत झालेलाच आहे.

बोलीची अडचण संवादांत येईल. त्या भागातले उच्चार आणि शेतीचे शब्द शहरी गुजरातीहून निराळे आहेत. अशा वेळी मोठ्याने वाचावे. डोळ्यांना अनोळखी वाटलेला शब्द कानाला पुष्कळदा लगेच पटतो. नांगर, वखर, खळे, सोयरीक, मामेरे यांविषयीचे शब्द अडले तर शेजारच्या एखाद्या वयस्क बांना (आजीबाईंना) विचारावेत. शब्दकोशापेक्षा ते उत्तर अधिक रसाळ मिळते, असा आमच्या वाचकमंडळाचा अनुभव आहे. प्रत्येक शब्दाशी थांबणे मात्र टाळावे, कारण पन्नालालांचे वाक्य अर्थाच्या आधी लयीतून कळू लागते.

अनुवाद वाचला तर चालेल का?

'मानवीनी भवाई'चा इंग्रजी अनुवाद साहित्य अकादमीने 'एन्ड्युरन्स : अ ड्रोल सागा' या नावाने प्रकाशित केला आहे. अनुवादक व्ही. वाय. कंटक हे आपल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि शेक्सपिअरचे अभ्यासक म्हणून नावाजलेले होते. बडोद्याच्या वाचकाला या अनुवादाविषयी आपुलकी वाटावी हे स्वाभाविक आहे. 'मळेला जीव' हिंदीत 'जीवी' या नावाने उपलब्ध आहे.

बडोद्याबाहेर वाढलेल्या, गुजराती न येणाऱ्या नातवंडांना अनुवाद अवश्य द्यावा. ज्याला गुजराती कळते त्याने मात्र मूळच वाचावे. शिव्या, म्हणी, लग्नगीते आणि म्हाताऱ्यांची टोमणेबाजी ही या कादंबऱ्यांची निम्मी श्रीमंती आहे, आणि इंग्रजीत नेमकी तीच सर्वांत आधी विरते.

त्यांच्या साहित्यावर चित्रपट निघाले आहेत का?

होय. कांतिलाल राठोड यांचा 'कंकु' (१९६९) हा त्यांच्या कथेवर आधारलेला असून तो गुजराती चित्रपटांच्या इतिहासातला महत्त्वाचा चित्रपट मानला जातो. एका तरुण विधवेच्या संयमाची आणि त्या संयमाला गेलेल्या तड्याची ती कथा आहे. पन्नालालांनी पुढे त्याच कथेची कादंबरीही केली. उपेंद्र त्रिवेदी यांनी १९९३ मध्ये 'मानवीनी भवाई' पडद्यावर आणली. आधी चित्रपट पाहून मग पुस्तकाकडे वळणाऱ्यांना आमचा सल्ला असा की, 'कंकु' खुशाल आधी पाहावा, 'मानवीनी भवाई' मात्र आधी वाचावी.

त्यांच्या कथा कशा आहेत?

'सुखदुःखनां साथी' आणि 'वात्रकने कांठे' हे संग्रह आवर्जून वाचण्यासारखे आहेत. कादंबरीत त्यांना जो पाल्हाळ आवरत नाही तो कथेत आवरतो. लिपीची सवय व्हायची असेल तर कादंबरीआधी दोन-तीन कथा वाचणे हाही एक चांगला मार्ग आहे.

उत्तरायुष्यात त्यांनी काय लिहिले?

पुष्कळ, कदाचित गरजेपेक्षा अधिक. त्यांच्या कादंबऱ्यांची संख्या साठाच्या घरात जाते. १९४० च्या दशकात काही काळ ते मुंबईत चित्रपटक्षेत्राशी संबंधित होते. पुढे क्षयाच्या आजारानंतर त्यांचा ओढा श्रीअरविंदांच्या विचारांकडे वळला. १९७१ मध्ये त्यांनी मुलांसह 'साधना' ही प्रकाशनसंस्था काढली आणि नंतरच्या काळात पुराणे व महाकाव्ये यांतील विषयांवर सातत्याने कादंबऱ्या लिहिल्या. त्या कादंबऱ्यांना वाचक मिळाला, परंतु जत्रेतली गर्दी, भाऊबंदकीतले खटके आणि कोरड्या आभाळाखालचा शेतकरी ज्या सहजतेने त्यांच्या लेखणीतून उतरे, ती सहजता राजवाड्यांच्या आणि आश्रमांच्या वर्णनांत आढळत नाही. ६ एप्रिल १९८९ रोजी अहमदाबाद येथे त्यांचे निधन झाले.

बडोद्यात ही पुस्तके कोठे मिळतील?

मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत. सयाजीराव महाराजांच्या ग्रंथालय चळवळीतून १९१० मध्ये उभ्या राहिलेल्या या ग्रंथालयात गुजराती आणि मराठी या दोन्ही भाषांचे मोठे संग्रह आहेत. मराठी विभागापर्यंत आपण जातोच, तेथून गुजराती कपाटांपर्यंतचे अंतर फार नाही. विकत घ्यायची असल्यास शहरातील गुजराती पुस्तकांच्या दुकानांत 'मळेला जीव' आणि 'मानवीनी भवाई' यांच्या आवृत्त्या सहसा मिळतात. अक्षर लहान वाटले तर घेण्यापूर्वी दोन-तीन पाने दुकानातच वाचून पाहावीत.